देवरेसाहेबांचं पाऊल आणि डॉ. चुरी

डॉ. अनंत चुरी यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात ज्यांचे लेख आहेत ती सगळी मोठी माणसं आहेत. कोणी सर्जन, कोणी मुख्याध्यापक, कोणी वसाहतीतले कारखानदार. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पेपर अर्धा टाकून उठलो. तरी गौरव समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "रोहिदास, डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरात तुझ्याइतका वेळ कोणी बसलेलं नाही. तू लिही. फक्त भरकटू नकोस." प्रयत्न करतो.

डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या दवाखान्याच्या दारात झाली. मी मूळचा शहाद्याकडचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सिल्वासात नवेनवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा कोणीतरी सांगितलं की तिकडे हात वर केला की नोकरी मिळते. मिळाली. सूत तयार करणाऱ्या एका प्लांटमध्ये काही महिने होतो. मग सोडली. पाट्या रंगवल्या, एका हॉटेलात भाज्या चिरल्या, शेवटी वापी ते खानवेल टेम्पो चालवायला लागलो. शनिवारी दारूबंदीच्या गुजरातेतून इतक्या गाड्या सिल्वासाला कशासाठी येतात ते सगळ्यांना माहीत आहे, गौरवग्रंथात लिहायला नको. पण त्या गाड्यांमुळे रस्ता कसा तुंबतो हे टेम्पोवाल्याला विचारा.

तशाच एका तुंबलेल्या शनिवारी मी दुधनीहून एक मासेमार आणला. जाळं ओढताना त्याची कंबर धरली होती आणि कळ थेट पायात उतरत होती. डॉक्टर स्वतः बाहेर आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा नाकाच्या टोकावर. टेम्पोत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "याला असं कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन कोणी झोपवलं?"

"मीच."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. त्याला विचारत गेलो, असं बरं वाटतं का, तसं बरं वाटतं का."

"कुठल्या भाषेत विचारलंस?"

"वारलीत."

"आणखी कुठल्या येतात?"

मी सांगितल्या. गुजराती, हिंदी, घरची अहिराणी, थोडी भोजपुरी, कारण प्लांटमध्ये माझ्या खोलीत सगळे तिकडचे होते. डॉक्टर म्हणाले, "टेम्पो रोज चालवतोस का?" मी म्हणालो, "मन लागेल तेव्हा." ते हसले. "मग मन नसेल त्या दिवशी इकडे ये. मला बोलणारा माणूस हवाय."

बोलणारा माणूस कशाला हवा, हे मला पुढे कळलं, आणि डॉक्टरांचं सगळं काम त्यातच आहे. मोठी चीर घेऊन, स्नायू बाजूला करून मणक्यापर्यंत जाणारे सर्जन तेव्हाही पुष्कळ होते. डॉक्टर ते करतच. पण परदेशात जाऊन ते आणखी एक गोष्ट शिकून आले होते. पाठीच्या एका बाजूला सुई घालायची, तिच्यावरून पेन्सिलीएवढी नळी सरकवायची आणि दोन मणक्यांमधल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा त्या नळीतून चिमट्याने काढून घ्यायचा. शेजारी चालता एक्स-रे, त्याच्या पडद्यावर सुई कुठे आहे ते दिसतं. पण नस दिसत नाही. नस म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतूची; एक्स-रेवर हाडं दिसतात, तंतू नाही. मग ती वाचवायची कशी? माणसाला पूर्ण भूल द्यायची नाही. कातडी आणि स्नायू बधिर करायचे, माणूस जागा ठेवायचा. सुई नसेच्या जवळ गेली तर त्याच्या पायात चमक उठते. तो बोलला की हात थांबतो. "पडदा मला हाडं दाखवतो," डॉक्टर म्हणत, "नस कुठे आहे ते पेशंटच सांगतो."

म्हणून मी. पेशंट पालथा झोपलेला, मान एका बाजूला, आणि त्याच्या तोंडासमोर स्टुलावर मी. त्याला बोलतं ठेवायचं. गाव कुठलं, म्हैस किती दूध देते, मेव्हण्याशी पटतं का. मध्येच विचारायचं, पायात काय वाटतं. त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत. कोणी म्हणायचं मुंगळा चालतोय, कोणी म्हणायचं गरम पाणी ओतलं. मी ते डॉक्टरांना सांगायचो. आयुष्यभर सगळे मला म्हणत आले की हा बडबड फार करतो. त्या बडबडीला काही उपयोग आहे असं वागवणारे पहिले डॉक्टरच.

त्यांनी मला आतली रचना शिकवली तीही अशी की माझ्यासारख्याला कळावी. एका दुपारी त्यांनी प्लांटमधून सुताची रिकामी रिळं मागवली. एकावर एक रचली, मध्ये रबराच्या चकत्या घातल्या. प्रत्येक दोन रिळांच्या मधून एक जाड दोरा बाहेर काढून तिरका खाली सोडला. "हा दोरा म्हणजे नस. इथून निघते आणि अशी तिरकी पायाकडे जाते. तिच्या खाली, या खालच्या मणक्याच्या काठाला लागून, एक त्रिकोणी जागा उरते. तिरकी बाजू नसेची. तळाला मणक्याचा काठ. आतल्या बाजूला दुसरी नस, पुढच्या मजल्यावर उतरणारी. मला या त्रिकोणात जायचंय, आणि तेही खाली, काठाच्या जवळ. वर गेलो की नस. तिच्यावर इथे एक गाठ असते, तिला धक्का लागला तर माणसाचा पाय महिनोन्‌महिने जळत राहतो."

मी म्हणालो, "मग सोपं आहे. खालूनच जायचं."

डॉक्टरांनी दोऱ्याला बोट लावून तो जरासा खाली सरकवला. "पुस्तकात दोरा वर असतो. काही माणसांत इथे असतो. काहींत दोन दोरे एकाच भोकातून येतात. बाहेरून ओळखायला काही नाही. आता काय करशील?"

मला उत्तर आलं नाही. ते म्हणाले, "मलाही येत नाही. म्हणून हळू जायचं, आणि विचारत जायचं."

डॉक्टरांच्या स्वभावाबद्दल लिहायचं तर पहिली गोष्ट ही की ते बहुतेकांना परत पाठवत. लोक कुठून कुठून येत, जमिनीचा तुकडा विकायची तयारी करून येत, आणि डॉक्टर म्हणत, "सहा आठवडे वजन उचलू नका, हे व्यायाम करा, मग या." रांध्याचा एक शेतकरी चिडून म्हणाला, "डॉक्टर असून कापत नाही, मग बोर्ड कशाला लावला?" डॉक्टर म्हणाले, "बोर्ड यानेच रंगवलाय, याला विचारा." खरंच मीच रंगवला होता. त्या माणसाची कंबर पुढे आपोआप बरी झाली आणि भाताच्या हंगामात तो एक पोतं घेऊन आला. ते डॉक्टरांनी दवाखान्यातल्या स्वयंपाकघरात पाठवलं. दुसरी गोष्ट, मी मध्येच नाहीसा व्हायचो. एकदा नर्मदेकडे गेलो तो पावसाळा संपल्यावर आलो. परतलो तेव्हा स्टूल जागेवर होतं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "जेवलास का?"

आता जे लिहायचं आहे त्यावर समितीत चर्चा झाली. गौरवग्रंथात हे नको, असं काहींचं मत होतं. डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "देवरेसाहेबांचं पाऊल नसेल तर माझा फोटोही छापू नका." म्हणून लिहितो.

देवरेसाहेब त्याच सूत प्लांटचे मॅनेजर, जिथे मी पहिल्यांदा लागलो होतो. नाशिक जिल्ह्यातले. कडक माणूस, पण अन्याय करणारा नव्हे. एकदा रिळांची ट्रॉली त्यांच्या पायावर उलटली, तर ते शिफ्टची पूर्ण फेरी मारून मगच बूट काढायला बसले, असं कामगार एकमेकांना सांगत. आमच्यातला कोणी हात भाजून कळवळला की साहेब म्हणत, "औषध आत आहे, रडणं गेटबाहेर." मी नोकरी सोडताना मला म्हणाले होते, "पाटील, तू टिकणारा नाहीस. जा." ते खरं होतं, त्यामुळे राग आला नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. साहेबांना कंबरेची कळ पायात यायला लागली, उभं राहवेना. विश्रांती झाली, औषधं झाली, काही उपयोग झाला नाही. मोठी चीर नको, लवकर प्लांटवर जायचंय, असं तेच म्हणाले. डॉक्टरांनी सगळं समजावलं: तुम्ही जागे असाल, पायात काही जाणवलं तर लगेच सांगायचं, तुमच्या सांगण्यावर माझा हात चालणार आहे.

टेबलावर पालथं झोपवल्यावर साहेबांनी मान वळवली आणि समोर मी.

"पाटील? तू इथे काय करतोस?"

"बोलायचं काम आहे, साहेब."

"वा. आमच्याकडे बोलू नको म्हणून सांगायचो, इथे त्याचा पगार मिळतो."

थिएटरात सगळे हसले. मी त्यांना प्लांटबद्दल विचारत राहिलो. नवीन मशीन आलं का, कॅन्टीनचा महाराज तोच आहे का. ते तुटक उत्तरं देत होते. सुई आत गेली, नळी गेली. मी विचारलं, "साहेब, पायात काही?"

"काही नाही. चालू द्या."

थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली. मी म्हणालो, "डॉक्टर, साहेबांना घाम आलाय." डॉक्टरांनी हात थांबवला. स्वतः विचारलं, "देवरेसाहेब, पायात चमक? जळजळ? खरं सांगा."

"अजिबात नाही, डॉक्टर. करा तुम्ही."

डॉक्टर थांबले. पडद्याकडे पाहिलं, सुईची जागा पुन्हा तपासली. त्रिकोणात, खाली, काठाला लागून; जिथे असायला हवी तिथेच होती. पुढे गेले.

संध्याकाळी कळ गेली होती. साहेब खूश होते. डॉक्टरांनी पायाखाली हात ठेवला आणि म्हणाले, "पाऊल वर घ्या, स्वतःकडे." पाऊल वर आलं नाही. साहेबांनी पुन्हा जोर लावला. गुडघा हलला, मांडी हलली. पाऊल तसंच लोंबत राहिलं.

त्या खोलीत साहेबांच्या पत्नी होत्या, सिस्टर होत्या, मी होतो. डॉक्टर वेळ मागू शकले असते. सूज असेल, बघू, असं म्हणू शकले असते. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साहेब, वहिनी, पाऊल उचलणाऱ्या नसेला इजा झाली आहे. ती माझ्या हातून झाली आहे. कदाचित भरून येईल, कदाचित नाही. तंतू फार हळू वाढतो. मी सोडून जाणार नाही."

पुढे कित्येक रविवार डॉक्टर साहेबांच्या क्वार्टरवर जात. मी स्कूटर चालवायचो. डॉक्टर जमिनीवर बसत, ते पाऊल मांडीवर घेत, वरखाली करत, टाच ताणत, सांधा आखडू नये म्हणून. प्रत्येक वेळी म्हणत, "वर घ्या." अंगठ्यात एकदा किंचित थरथर दिसली तेव्हा वहिनींनी शिरा केला. पण थरथर तिथेच राहिली.

अशाच एका रविवारी साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वीज गेली होती पायातून. दोनदा."

डॉक्टरांचे हात थांबले. "तेव्हा?"

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हा समोर बसला होता ना. माझ्या हाताखालचा माणूस."

वहिनी रडायला लागल्या. मला वाटलं, डॉक्टर आता सुटले. दोष त्यांचा नव्हता हे साहेबांनीच कबूल केलं. कोणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. डॉक्टर म्हणाले, "त्याला समोर मी बसवलं. तुम्हाला विचारलं नाही."

त्यानंतर बराच काळ त्यांनी नळीचं ऑपरेशन केलं नाही. ज्यांना गरज होती त्यांना मुंबईला पाठवत, किंवा चीर घेऊन करत. सर्जनांच्या परिषदेत हीच केस त्यांनी स्वतः उभं राहून मांडली. कोणी सुईचा कोन विचारला, कोणी नस खाली असावी असं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "नस खाली असणारच. पण ती बोलली होती. ऐकायला योग्य माणूस मी ठेवला नव्हता." हे मला तिथे सोबत गेलेल्या सिस्टरांनी सांगितलं.

पुन्हा सुरू केलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न आधी विचारायला सुरुवात केली. तो कुठल्या पुस्तकात नाही. एक्स-रे बघून झाले, औषधं लिहून झाली की डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि विचारतात, "तुम्ही कोणासमोर रडू शकता?" ज्याचं नाव येईल तो माणूस हात धुऊन, गाऊन घालून स्टुलावर बसतो. मी आता बाजूला उभा राहतो, भाषा लागली तर.

खेरडीच्या रतनीबेनना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सासू."

मी म्हणालो, "सासूसमोर?"

"तिच्यासमोर रडायची सवय आहे."

सासूबाई स्टुलावर बसल्या, आणि सून "आई गं" म्हणाली की त्या डॉक्टरांवर डाफरायच्या, "थांब ना, ऐकू येत नाय का तुला?" डॉक्टर थांबायचे. रतनीबेन आता शेतात जातात. एका ट्रक ड्रायव्हरने मात्र बराच विचार करून सांगितलं, "किसी के सामने नहीं." डॉक्टरांनी त्याचं ऑपरेशन नळीने केलं नाही. पूर्ण भूल देऊन, चीर घेऊन, नस डोळ्यांनी बघत केलं. "ज्याला कोणी नाही," ते म्हणाले, "त्याच्या नसेवर मी अंदाजाने जाणार नाही."

पण देवरेसाहेबांना याचा काही फायदा झाला नाही. पाऊल उचलून धरणारी पट्टी बुटात घालून ते चालायला लागले, प्लांटचे लोखंडी जिने मात्र जमेनात. राजीनामा दिला. नाशिकला जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी पाय डॉक्टरांच्या मांडीवरून काढून घेतला. "डॉक्टर, तिकडे येऊ नका. तुम्ही आलात की घरातले सगळे माझ्या पावलाकडे बघतात." डॉक्टर "बरं" म्हणाले. ते गेले नाहीत. मी भटकत भटकत कुठूनही परतलो की वाटेत नाशिक लागलं होतं का, एवढं विचारायचे.

या लेखासाठी मी नाशिकला गेलो. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. साहेब थकलेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डाव्या बुटातून पट्टीची कड वर आलेली. मी गौरवग्रंथाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अजून ती नळी घालतात?"

"घालतात. आधी एक प्रश्न विचारतात." मी तो प्रश्न सांगितला.

आत वहिनींनी कपबश्या मांडल्याचा आवाज आला, तो थांबला. मग साहेब म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी कोणाचं नाव घेतलं असतं रे? कोणाचंच नाही." आणि जरा वेळाने, "चाळीस वर्षं संसार केला ती आत आहे, आणि कोणाचंच नाही."

निघताना गेटपर्यंत आले. "चुरींना सांग, रविवारी यायचं तर या. पावलाचं काही होणार नाही आता, तेही जाणतात. पण या."

मी निरोप सांगितला तेव्हा डॉक्टर पेशंट तपासत होते. त्यांनी तपासणं पूर्ण केलं, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. म्हणजे मीच गाडी चालवली. साहेब अंगणातच होते. नमस्कार झाला, तब्येतीची चौकशी झाली, द्राक्षांचा भाव झाला. कोणी पावलाकडे पाहत नव्हतं. मग डॉक्टर खुर्चीवरून उठून खाली बसले. साठीच्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो. त्यांनी बूट सोडवला, पट्टी काढली, पाऊल मांडीवर घेतलं. साहेबांनी काढून घेतलं नाही. मी समोरच होतो. दूर व्हावं म्हणून उठलो, तर साहेबांनी हातानेच बस म्हणून खूण केली.

"वर घ्या," डॉक्टर म्हणाले.

पाऊल वर आलं नाही. ते येणार नव्हतं.

"दुखतं?"

साहेबांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. "दुखस," ते म्हणाले. "रातले भलतं दुखस." आणि सगळ्यांसमोर त्यांचे डोळे वाहायला लागले. वहिनी दारातून आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. डॉक्टर मान खाली घालून पाऊल चोळत राहिले. रात्री नेमकं कुठे दुखतं, कसं दुखतं, ते विचारत राहिले, आणि साहेब सांगत राहिले.

डॉक्टर आता दर महिन्याला एक रविवार नाशिकला जातात. दुखणं कमी होईल असं औषध त्यांनी सुरू केलं आहे. पाऊल तसंच आहे. हा प्रवास लांबचा आहे, घाट आहे, आणि डॉक्टरांचे स्वतःचे गुडघे आता कुरकुरतात. त्यांना खाली बसता यावं आणि उठताही यावं, इतकी ताकद त्यांच्या गुडघ्यांत पुष्कळ वर्षं राहो. हात स्थिर राहोत, कान असेच राहोत. आणि देवरेसाहेबांनाही त्यांच्याइतकंच आयुष्य लाभो, म्हणजे कुठलाही रविवार रिकामा जाणार नाही.